मेजावरचा अर्ध्या अश्वशक्तीचा लेथ: दागिन्यांच्या स्टँडच्या कसोटीवर

मेजावर बसवायचा, अर्ध्या अश्वशक्तीचा लाकूडकामाचा लेथ (लाकूड फिरवत ठेवून ते पटाशीने गोल कातण्याचे यंत्र) मी गेली दोन वर्षे वापरते आहे आणि या काळात त्यावर जवळजवळ एकाच प्रकारच्या वस्तू केल्या आहेत: दागिन्यांचे स्टँड. बांगड्यांसाठी आडव्या दांडीचे, माळांसाठी उंच, अंगठ्यांसाठी निमुळत्या शंकूचे आणि कानातल्यांसाठी भोकांच्या तबकडीचे असे मिळून साठएक स्टँड या यंत्रावरून उतरले असतील. वाडगी किंवा टेबलाचे पाय कातू पाहणाऱ्याला माझे हे परीक्षण अपुरे वाटेल, कारण त्या कामांसाठी मी हे यंत्र जोखलेलेच नाही. शिवाय हाच साचा निरनिराळ्या रंगांत आणि निरनिराळ्या नावांनी विकला जातो. म्हणून नावावर न जाता मी त्याच्या घडणीविषयी लिहिते आहे.

दागिन्यांचा स्टँड दिसायला साधा असतो. खाली गोल बैठक, तिच्यात रोवलेली उभी दांडी आणि वर एक आडवी दांडी किंवा गोंडा, एवढेच. पण या एका वस्तूत कातकामाचे दोन परस्परविरुद्ध प्रकार एकत्र येतात आणि लेथची खरी परीक्षा तिथेच होते. दांडी कातताना लाकडाचे तंतू यंत्राच्या अक्षाला समांतर असतात. ती बारीक आणि लांब असते, तिला दोन्ही टोकांना आधार लागतो आणि वेग चढा ठेवला की काप स्वच्छ येतो. बैठक कातताना तंतू अक्षाला आडवे असतात, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात पटाशीपुढे दोनदा तंतूंची बाजू आणि दोनदा त्यांची कापलेली टोके येतात. तुकडा जड आणि सुरुवातीला वेडावाकडा असतो, आणि त्याला कमी वेग व भरपूर जोर लागतो. जो लेथ यांतले एकच काम चांगले करतो, त्यावर स्टँडही अर्धाच चांगला होतो. मी या यंत्राला गुण देते ते याच मापाने आणि माझे मत आधीच सांगून टाकते: दांडीच्या कामात हा लेथ, थोडी दुरुस्ती केल्यावर, त्याच्या आकाराच्या मानाने फार उत्तम आहे, बैठकीच्या कामात तो आपल्या धीराची परीक्षा घेतो.

बेडवरून, म्हणजे यंत्राच्या लांब आडव्या पायावरून, २५४ मिमी व्यासाचा तुकडा फिरू शकतो आणि दोन केंद्रांच्या, म्हणजे लाकूड दोन्ही टोकांना धरणाऱ्या टोकदार आधारांच्या, मध्ये ४५७ मिमी लांबीचे लाकूड बसते. दागिन्यांच्या स्टँडला हे पुरून उरते; माझी सर्वांत मोठी बैठक १६० मिमीची आहे आणि सर्वांत उंच दांडी ३४० मिमीची. स्पिंडलच्या, म्हणजे मोटर ज्याला फिरवते त्या दांड्याच्या, तोंडाला एक इंच व्यासाचे, इंचाला आठ असे आटे आहेत आणि आत दोन नंबरचा मोर्स टेपर, म्हणजे ठरावीक मापाची निमुळती खोबण, आहे. ही दोन्ही मापे या आकाराच्या लेथमध्ये सर्रास आढळतात, त्यामुळे चक (लाकूड जबड्यांत पकडणारी जोडणी), ड्रिल चक, फिरते केंद्र हे सारे दुसरीकडून घेतले तरी बसते. मोर्स टेपरचा शंकू दर वीस मिमी लांबीला सुमारे एक मिमीने निमुळता होतो आणि नुसत्या घर्षणाने आपल्या खोबणीत घट्ट धरून राहतो. पण आत लाकडाचा एक बारीक कण राहिला तरी केंद्र डुगडुगते, म्हणून दर वेळी ते कापडाने पुसूनच बसवावे. चार जबड्यांचा चक यंत्राबरोबर मिळत नाही. सोबत येणाऱ्या फेसप्लेटवर (स्पिंडलला लागणाऱ्या सपाट चकतीवर) स्क्रूने तुकडा बसवून काम भागवता येते, परंतु मग स्क्रूंची भोके बैठकीच्या तळाला राहतात आणि ती झाकत बसावे लागते. यंत्राबरोबर चकचाही खर्च आहे असे धरूनच चालावे.

यंत्राचे वजन ३८ किलो आहे. बेड बिडाचा आहे, आणि हलके पत्र्याचे किंवा नळ्यांचे बेड असलेल्या यंत्रांवर काम करून पाहिलेल्या माणसाला हा फरक पहिल्या दहा मिनिटांत कळतो, कारण बीड कंप पिऊन टाकते. तरीही ते जड मेजाला बोल्टने आवळावे आणि मेजाची उंची अशी ठेवावी की स्पिंडलचा अक्ष आपल्या कोपराच्या पातळीला येईल. मी पहिला महिना यापेक्षा चार बोटे खाली वाकून काम केले आणि त्याचा त्रास पाठीने बरेच दिवस भोगला.

आता दांडीकडे वळते. यंत्र आले त्या दिवशी सर्वांत आधी मी टेलस्टॉक (बेडवर सरकणारा, दुसऱ्या टोकाचा आधार) पुढे सरकवून दोन्ही केंद्रांची टोके समोरासमोर आणली. ती जुळली नाहीत. आडव्या दिशेने जवळजवळ एक मिमीचा फरक होता आणि तो पाहायला कोणतेही उपकरण लागत नव्हते, डोळ्याला दिसत होता. विक्रेत्याला कळवले तेव्हा "लाकडाच्या कामाला एवढे चालते" असे उत्तर मिळाले. हे उत्तर अर्धे खरे आहे आणि म्हणूनच फसवे आहे. दोन केंद्रांमध्ये धरलेली दांडी या फरकामुळे वाकडी होत नाही, कारण पटाशी आपल्या हातात असते आणि लाकूड ज्या अक्षाभोवती फिरते त्याच्याभोवती ते गोलच कातले जाते. पण टेलस्टॉकमध्ये ड्रिल धरून चकमधल्या बैठकीला मधोमध भोक पाडू लागलो की हाच एक मिमी नडतो. ड्रिलचे टोक मध्यावर न टेकता मध्याभोवती फिरते आणि भोक तोंडाशी पसरट होते. माझ्या १२ मिमीच्या ड्रिलने पाडलेले भोक कॅलिपरने मोजले तर तोंडाशी साडेबारा मिमीच्याही वर होते. त्यात १२ मिमीची खुंटी खुळखुळत होती, आणि सरसाने फट भरून दांडी उभी केली तरी ती ओळंब्यात राहिली नाही.

उपाय करायला एक दुपार गेली. दोन्ही टोकांना मोर्स टेपर असलेला एक पोलादी दांडा मिळतो. तो एका बाजूने हेडस्टॉकमध्ये (स्पिंडल ज्यात बसलेला असतो त्या भागात) आणि दुसऱ्या बाजूने टेलस्टॉकमध्ये बसवला, हेडस्टॉक बेडला धरून ठेवणारे चार बोल्ट सैल केले, दोन्ही बाजू त्या दांड्यावर आपोआप एका रेषेत येऊ दिल्या आणि मग बोल्ट कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात असे थोडे थोडे आवळत नेले. टेलस्टॉकच्या तळाची जीभ बेडच्या फटीत थोडी सैल होती, तिला एका बाजूने पातळ पितळी पट्टी चिकटवली. त्यानंतर टोके जुळली ती आजतागायत जुळलेली आहेत. इतकी साधी गोष्ट कारखान्यात व्हायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे. पण ती घरी करता येते आणि एकदाच करावी लागते, हेही तितकेच खरे आहे. विकत घेताना दुकानातच टोके जुळवून पाहावीत.

दुरुस्तीनंतर मात्र या यंत्राने दांडीच्या कामात मला कधीच निराश केले नाही. स्टँडची दांडी मी खाली २२ मिमी ठेवते आणि गळ्याशी ९ ते १० मिमीपर्यंत उतरवते. हे उतरणे सोपे नाही. दांडीचा व्यास निम्मा केला की तिचा ताठपणा निम्मा होत नाही, तो सोळाव्या हिश्शावर येतो. त्यामुळे २० मिमीला जी दांडी पटाशीखाली हलत नव्हती, तीच १० मिमीला पटाशीपासून दूर पळू लागते आणि तिच्या अंगावर मळसूत्रासारखे थरथरीचे वळसे उमटतात. अशा वेळी यंत्राचे स्वतःचे कंप शून्याच्या जवळ असावे लागतात. मिनिटाला २८०० फेऱ्यांवर या लेथच्या हेडस्टॉकवर पाण्याचा पेला ठेवला तर पाण्यावर बारीक तरंग दिसतात, पण पेला जागचा हलत नाही. तिरकी पटाशी नुकतीच पाजळलेली असेल, तिच्या धारेमागचा उतार लाकडावर टेकलेला असेल आणि डाव्या हाताची बोटे दांडीच्या मागे अगदी अलगद आधाराला असतील, तर त्या गळ्यावरून कागदाहून पातळ छिलके सुटतात आणि मागे उरलेला पृष्ठभाग पॉलिशपेपर न लावताही चमकतो. मी टेलस्टॉककडच्या टोकापासून सुरुवात करून हेडस्टॉककडे येते, म्हणजे जोर जिकडून येतो तिकडचा भाग शेवटपर्यंत जाड राहतो. टेलस्टॉकचे चाक गरजेपेक्षा जास्त आवळले तर बारीक दांडी मधोमध धनुष्यासारखी वाकते. या यंत्राचे चाक हलके फिरते आणि त्याला कुलूप घालणारी मूठ चांगली पकडते, त्यामुळे योग्य दाब सापडणे आणि तो टिकवणे दोन्ही जमते.

आडवी दांडी बसवण्यासाठी उभ्या दांडीला वर आरपार भोक लागते. ते लाकूड चौकोनी असतानाच पाडून घ्यावे आणि त्यात त्याच मापाची लाकडी खुंटी सरस न लावता ठोकून मग कातायला घ्यावे. नाहीतर पटाशी भोकाच्या कडेशी आली की कड उचकटते. याचा यंत्राशी संबंध नाही, पण सुरुवातीच्या तीन दांड्या मी याच चुकीने वाया घालवल्या, म्हणून सांगितले.

बैठकीच्या बाबतीत हा लेथ कमी पडतो. त्याला तीन पुल्या आहेत: मिनिटाला २५० ते ७५०, ५५० ते १६५० आणि १३०० ते ३८०० फेरे. प्रत्येक टप्प्यात पुढच्या गोल बटनाने वेग कमीजास्त होतो. जाहिरातीत २५० ते ३८०० असा एकच लांबलचक पल्ला लिहिलेला असतो आणि नव्या माणसाला वाटते की बटन फिरवले की तो सारा आपल्या हाती. तसे नाही. वरच्या पुलीवर पट्टा ठेवून बटनाने वेग उतरवला तर फेरे कमी होतात, पण जोर वाढत नाही. उलट पटाशी जराशी खोल गेली की स्पिंडल थांबतो. जोर हवा असेल तर पट्टा खालच्या पुलीवरच न्यावा लागतो, त्यासाठी दोन झाकणे उघडावी लागतात, मोटर सैल करावी लागते आणि पुन्हा ताण द्यावा लागतो. एका स्टँडसाठी हे दोनदा करणे कंटाळवाणे आहे. मी आता आठवडाभर फक्त बैठका करते आणि पुढच्या आठवड्यात फक्त दांड्या.

१५० मिमीची बैठक आधी करवतीने शक्य तितकी गोल करून घ्यावी, २५० ते ४०० फेऱ्यांवर तिची वेडीवाकडी कड काढावी आणि गोल झाल्यावरच वेग वाढवावा. कातारी लोकांचा एक जुना ठोकताळा आहे: व्यास इंचांत धरून त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणले तर उत्तर सहा ते नऊ हजारांच्या दरम्यान यावे. सहा इंचांच्या बैठकीला म्हणजे हजार ते दीड हजार फेरे. या वेगाला अर्ध्या अश्वशक्तीची मोटर एका वेळी दीड-दोन मिमीचा काप खुशाल घेते, त्याहून जास्त घ्यायला गेले की पट्टा किंचाळतो. घाई असेल त्याला हे आवडणार नाही. माझा अनुभव असा की एवढ्या कापाने कडेची आडवी टोके उचकटत नाहीत आणि नंतरचा घासण्याचा वेळ वाचतो. एक गोष्ट मात्र कोणत्याही यंत्रावर पाळावी: दांडी गोल करण्यासाठी मिळणारी रुंद गोल पटाशी बैठकीच्या आडव्या तंतूंवर कधीही वापरू नये. तिचे मुठीत शिरणारे शेपूट अरुंद असते आणि झटका बसला तर ते तिथेच तुटते.

बैठक केवढी असावी याचा धडा मला पहिल्याच स्टँडने दिला. तेव्हा मी दिसायला नाजूक म्हणून ९० मिमी व्यासाची आणि २० मिमी जाडीची बैठक केली होती, वर २२० मिमीची आडवी दांडी होती आणि सगळ्याचे मिळून वजन २०० ग्रॅमच्या आसपास होते. माझ्या भाचीने कौतुकाने तिच्या सगळ्या बांगड्या एकाच बाजूला चढवल्या आणि स्टँड तिच्या डोळ्यांदेखत आडवा झाला. नंतर वहीत मांडून पाहिले तेव्हा कारण उघड झाले. बांगड्यांचे ३०० ग्रॅम बैठकीच्या कडेच्या ६५ मिमी बाहेर लटकत होते आणि त्यांना तोलायला २०० ग्रॅमचा स्टँड कडेच्या फक्त ४५ मिमी आत उभा होता. ३०० गुणिले ६५ पुढे २०० गुणिले ४५ टिकणे शक्यच नव्हते. बैठक १५० मिमीची आणि ३० मिमी जाड केल्यावर स्टँडचे वजन ४७० ग्रॅमच्या घरात गेले, बांगड्या कडेच्या केवळ ३५ मिमी बाहेर राहिल्या आणि तोच भार पडूनही तो जागचा हलला नाही. तेव्हापासून आडव्या दांडीच्या स्टँडला बैठकीचा व्यास दांडीच्या लांबीच्या दोन तृतीयांशापेक्षा कमी मी ठेवत नाही.

बैठकीचे लाकूड पुरते वाळलेले असावे, हे सांगायलाच हवे. लाकूड तंतूंच्या लांबीत जवळजवळ आटत नाही, पण आडव्या दिशेत आटते, आणि त्यातही वार्षिक वलयांच्या कडेने ते जितके आटते ते साधारणपणे वलयांना छेदून जाणाऱ्या दिशेच्या दुप्पट असते. म्हणून ओलसर लाकडाची गोल बैठक काही महिन्यांत लंबगोल होते. मी बैठक आधी पाच-सहा मिमी मोठी कातून तीन आठवडे तशीच ठेवते आणि मग अंतिम मापाला आणते. तळ सपाट न ठेवता मध्याकडे एखादा मिमी खोलगट करते, म्हणजे लाकूड पुढे थोडे हलले तरी बैठक कडेवर टेकून राहते आणि डगमगत नाही. चकने पकडण्यासाठी तळाला सोडलेली बुटकी खुंटी जबड्यांच्या तळाला टेकू देऊ नये. तिचा खांदा जबड्यांच्या तोंडावर बसला पाहिजे, पकड खरी तिथे मिळते.

अंगठ्यांचा शंकू ही या लेथवरची माझी सर्वांत आवडती वस्तू. ९० मिमी उंचीत व्यास १४ पासून २२ मिमीपर्यंत सलग वाढत गेला की प्रत्येक अंगठी आपल्या मापाच्या ठिकाणी जाऊन थांबते आणि एकीवर एक आदळत नाही. पण या सलगपणात डोळ्याला अर्ध्या मिमीचा खड्डाही दिसतो, आणि इथे यंत्राबरोबर आलेल्या टूल रेस्टने (पटाशी टेकवण्याच्या आडव्या आधाराने) मला फार छळले. त्याची वरची कड ओतकामातून निघाली तशीच खरबरीत होती. पटाशी सरकताना ज्या ठिकाणी अडखळे, त्या ठिकाणी शंकूवर वळ उठे. बारीक कानशीने ती कड घासून, वर मेण लावून ठेवल्यावर पटाशी लोण्यावरून गेल्यासारखी जाऊ लागली. हे काम अर्ध्या तासाचे आहे आणि पहिली पटाशी उचलण्याआधी करावे.

कानातल्यांच्या तबकडीसाठी या यंत्रातली एक सोय फार मोलाची आहे, ती म्हणजे स्पिंडलला ठरावीक कोनांवर अडकवणारी खीळ. हेडस्टॉकच्या बाजूला एक छोटी खीळ दाबली की ती आतल्या चकतीच्या २४ भोकांपैकी एकात बसते, म्हणजे दर १५ अंशांवर स्पिंडल थांबवता येतो. १२० मिमीच्या तबकडीवर कडेपासून ५ मिमी आत मी २४ भोके घेते. त्यांतले अंतर चौदा मिमीच्या थोडे वर येते आणि बारा जोड्या शेजारी शेजारी लटकतात. ड्रिल हाताने धरला तर भोके कधीच सारखी येत नाहीत, म्हणून टूल रेस्टच्या जागी बसणारा एक लाकडी ठोकळा केला आणि त्यात स्पिंडलच्या अक्षाच्या नेमक्या उंचीवर ड्रिलला वाट दाखवणारे भोक घेतले. भोक दोन मिमीचे पुरते. पहिल्या तबकडीवर शेवटचे भोक आणि पहिले भोक यांतले अंतर इतरांपेक्षा एक मिमी कमी आले आणि मी माझीच मोजणी चुकली असे समजले. दोष खिळीच्या सैलपणात होता. खीळ बसल्यावरही स्पिंडल किंचित मागेपुढे हलतो; म्हणून प्रत्येक भोकापूर्वी चक हाताने एकाच दिशेने दाबून धरायचा, की सैलपणा दर वेळी एकाच बाजूला जातो आणि भोके बिनचूक येतात. आणखी एक काळजी घ्यावी. खीळ अडकलेली असताना मोटर सुरू केली तर खीळ वाकते, आणि हे टाळणारी कोणतीही व्यवस्था या यंत्रात नाही. मी बटनावर लाल दोरा अडकवते आणि खीळ सोडल्यावरच तो काढते.

यंत्रावरच पॉलिश करण्याचा मोह सर्वांनाच होतो, कारण फिरत्या लाकडावर लाखेचे पॉलिश कापडाने दाबले की घर्षणाच्या उष्णतेने ते क्षणात सुकते आणि आरशासारखे चमकते. मीही सुरुवातीचे सगळे स्टँड तसेच केले. मग एक दिवस भाचीचा फोन आला, "मावशी, बैठकीवर गोल डाग पडलेत आणि बोट चिकटतंय." जाऊन पाहिले तर डागांच्या शेजारीच अत्तराची फवाऱ्याची बाटली उभी होती. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, किंबहुना ते पॉलिश तयारच तिला अल्कोहोलमध्ये विरघळवून होते, आणि फवाऱ्याच्या सुगंधी द्रव्यांत अल्कोहोलच भरलेले असते. दागिन्यांचा स्टँड ज्या जागी राहणार त्याच जागी ही बाटली राहणार, हे माझ्या लक्षात यायला हवे होते. आता मी मेणमिश्रित घट्ट होणारे तेल वापरते आणि ते पूर्ण मुरून वास जाईपर्यंत, म्हणजे किमान तीन आठवडे, स्टँड कोणाला देत नाही. सुकणाऱ्या तेलाची फडकी चुरगळून एकत्र टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून पसरून वाळवावीत.

दागिने घसरू नयेत म्हणून एका स्टँडच्या आडव्या दांडीला टोकांजवळ खाचा कातून त्यांत रबराची कडी बसवली होती. दोन महिन्यांत चांदीची साखळी नेमकी रबराला टेकली होती तेवढीच काळी पडली, कारण रबर टिकाऊ करताना त्यात गंधक घालतात आणि चांदीला गंधकाचेच वावडे आहे. लोकरीच्या नमद्यातही गंधक असते, तेव्हा बैठकीला तो लावू नये. ओकचे लाकूड कातायला सुंदर, पण ते अॅसिटिक आम्लाची वाफ सोडत राहते आणि मोती-शिंपल्यांना ती बाधते. बंद कपाटात राहणाऱ्या स्टँडला मी ते वापरत नाही.

आवाजाच्या बाबतीत तक्रार नाही. मधल्या पुलीवर यंत्र चालू असताना शेजारी उभ्या माणसाशी नेहमीच्या आवाजात बोलता येते. भुशाचा प्रश्न मात्र यंत्राबरोबर काहीच सोडवून मिळत नाही. भुसा ओढून घेणारी नळी बसवायला साधी कडीही दिलेली नाही, ती मी लाकडाची केली. लाकडाच्या भुकटीला कर्करोगावरील संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९५ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे, तेव्हा पॉलिशपेपर चालवताना मुखवटा हवाच. चेहऱ्यापुढे पारदर्शक ढाल हवी, हातमोजे मुळीच नकोत आणि बोटांत अंगठी, हातात बांगडी, गळ्यात माळ यांपैकी काहीही नको. ज्या वस्तूंसाठी हे स्टँड करायचे, त्या यंत्रापाशी येण्याआधी काढून ठेवाव्या लागतात. माझ्या खोलीच्या दाराशी त्यासाठी पहिला, आडवा झालेला तोच छोटा स्टँड ठेवला आहे. त्यावर माझ्या दोनच बांगड्या असतात आणि तेवढ्या तो तोलतो.

दोन वर्षांत काय बदलावे लागले, तेही सांगते. सोबत आलेले फिरते केंद्र चौथ्या महिन्यात घुरघुरू लागले आणि तापू लागले. दुसरे घेतले, ते अजून शांत आहे. पट्टा एकदा बदलला. स्पिंडलची बेअरिंग मूळचीच आहेत. बेडवर गंजाची पातळ साय पावसाळी हवेत धरते, ती मेण घासून थोपवता येते. वॉरंटी एक वर्षाची होती आणि केंद्रांच्या फरकाची तक्रार तिच्यात बसत नसल्याचे मला सांगण्यात आले. या एका बाबतीत मी आजही नाराज आहे. पण ज्याला दांड्या, शंकू, गोंडे आणि दीडशे मिमीपर्यंतच्या बैठका करायच्या आहेत आणि जो एक दुपार पाना व कानस घेऊन बसायला तयार आहे, त्याला मी हे यंत्र निःशंकपणे सुचवते. दोनशे मिमीच्या वरच्या बैठका हव्या असतील तर एक अश्वशक्तीची मोटर असलेला मोठा लेथ पाहावा. आणि कोणताही घेतला तरी १०० मिमीचा एक आखूड टूल रेस्ट सोबतच मागवावा. शंकूच्या टोकाशी लांब टूल रेस्ट टेलस्टॉकला अडतो, आणि मी तो मागवण्यात उगाच दीड वर्ष घालवले.